कमी वापराची वेळ

झोप झालेली नाहीये, चिडचिड होतेय, आणि कारण सांगायला गेलं तर लोक हसतील. पॅसेजमधला दिवा उशिरा लागला. बस, एवढंच. लागलाच नाही असंही नाही, लागला, पण उशिरा. एवढ्यावरून सकाळपासून तोंड पाडून बसलेय मी.

मेल आला होता तसा, आमचे दिवे नेटवरून चालवणाऱ्या स्मार्ट-होम कंपनीचा. खातं दादाच्या नावावर, त्यामुळे मेल त्याला, त्याने मला फॉरवर्ड केला, वर नुसतं एफवायआय, म्हणजे तुझ्या माहितीसाठी. (यावर बोलायचं तर वेगळं लिहावं लागेल, जाऊ दे.) नियोजित देखभाल, 19:00 ते 23:00 यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार, या काळात काही उपकरणं हळू चालू शकतात. त्यात साडेपाच तास मिळवायचे, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेबारा ते पहाटे साडेचार. आणि खाली एक ओळ, की आपली गैरसोय होऊ नये म्हणून कमी वापराची वेळ निवडली आहे. वाचलं तेव्हा काही वाटलं नाही. बरोबरच आहे म्हटलं, तेवढ्या रात्री कोण दिवे लावतंय.

आई लावते ना! साडेबाराच्या पुढेच तर तिच्या फेऱ्या सुरू होतात, ती नवीन गोळी चालू झाल्यापासून जास्तच. हे सगळं बसवलं तेच मुळी त्यासाठी, की तिने पलंगावरून पाय खाली टाकला की सेन्सरला कळणार आणि पॅसेजपासून बाथरूमपर्यंत आपोआप उजेड. दिवसभर त्या सेन्सरला काडीचं काम नसतं. म्हणजे त्यांच्या हिशेबात जेव्हा कोणीच जागं नसतं नेमकी तेव्हाच आमच्याकडे वर्दळ. मला वाटलं होतं हेच लागलंय मला, आपल्याला मोजलंच नाही हे. पण नाही, ते नाहीये.

झालं असं की चपलांचा आवाज आला म्हणून उठले तर आई खोलीच्या दारात अंधारात उभी. मी बोललेलं ऐकणाऱ्या स्मार्ट स्पीकरला सांगितलं, पॅसेजचा लाइट लाव. त्याच्यावरचं निळं कडं फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. परत सांगितलं, जरा आवाज चढवून, जसं काही त्याला ऐकू कमी येतंय. आता सेन्सर आणि दिवा यांच्यात अंतर किती, तर हात लांब केला तर पोचेल एवढं. पण सेन्सरचा निरोप आधी वायफायवरून कंपनीच्या सर्व्हरवर जाणार, तिथून 'लाव' असं उत्तर येणार, मग दिवा लागणार. एरवी हे इतक्या झटकन होतं की मधे एवढा प्रवास झालाय हे लक्षातही येत नाही. आणि हळू असणं हे बंद असण्यापेक्षा वाईट, हे मला काल कळलं. पूर्ण बंद असतं तर मोबाइलचा टॉर्च लावून मोकळी झाले असते. हळू असलं की माणूस आता लागेल, आता लागेल करत उभाच राहतो.

तर मी अशी उभी, आणि आई म्हणाली सरक जरा. भिंतीपाशी गेली, स्विचवरची सेलोटेप नखाने उचकटली, खट बंद, खट चालू. दिवा लख्ख. आणि गेली बाथरूमला.

हे बल्ब स्मार्ट असल्याने भिंतीवरचं बटण कायम चालूच ठेवावं लागतं, नाहीतर बल्बला वीजच मिळत नाही, म्हणून दादाने जाताना टेप लावून वर 'बंद करू नये' अशी चिठ्ठी डकवली होती. पण वीज तोडून परत दिली की बल्ब आपला आपण लागतो, त्याला सर्व्हर लागत नाही, नेट लागत नाही. मला हे माहीत होतं. तिला कसं?

ती परत येईपर्यंत मी ती टेप बघत होते. एका बाजूला अगदी चिकटलेली, आणि दुसरं टोक काळपट, गोंद संपलेला, त्यावर तिच्या शालीचे लोकरीचे बारीक तंतू. काही पहिल्यांदा निघाली नव्हती ती टेप.

विचारलं तर म्हणे, तू ऑफिसला असतेस, नेट जातं, मग काय अंधारात बसू? आणि सांगितलं का नाहीस? तर म्हणे, त्यात काय सांगायचं, एवढं हौसेने केलंयत तुम्ही.

हां. हे. हे लागलंय. म्हणजे आम्ही दोघं तिच्यासाठी करतोय असं समजत होतो आणि ती आमच्यासाठी चालवून घेत होती. त्या ॲपमधे मी रात्री झोपताना बघायचे, सगळं हिरवं, सगळं चालू, आणि शांत झोपायचे. आणि ही इकडे नखाने टेप काढतेय. मला वाईट वाटायला हवं की हसू यायला हवं तेच कळेना. रात्रभर वाईट वाटून घेतलं. जिन्यावरून पडणारी आई, बाथरूममधे पडणारी आई, सगळं डोळ्यांसमोर आणून झालं. आमच्या घरात जिना नाहीये.

चारनंतर कधीतरी अडकलेले हुकूम एकदम सुटले असावेत, कारण पॅसेजचा दिवा लागला, विझला, परत लागला. आई आतून ओरडली, अगं तो आता ऐकतोय बघ तुझं.

तेव्हा मात्र हसले मी.

सकाळी तिला चहा देताना हे देखभाल प्रकरण समजावून सांगितलं. 2025 च्या 20 ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, अमेरिकेतल्या एका मोठ्या डेटा सेंटरच्या यंत्रणेत बिघाड झाला तेव्हा तिकडे लोकांच्या महागड्या स्मार्ट गाद्याही अडकून बसल्या होत्या, काहींच्या गरम व्हायच्या थांबेनात, तेही सांगितलं. तिला गाद्यांचं भारी वाटलं, गादीला नेट कशाला लागतं हे दोनदा विचारलं. बाकी देखभालीचं तिला काहीच नवल नाही. पुण्यात जन्म गेला, गुरुवारी कधी पाणी नाही कधी लाइट नाही, आदल्या दिवशी पेपरात येतं, आपण बादल्या भरून ठेवायच्या. म्हणाली, त्यांनी आधी कळवलं होतं ना, मग बिचाऱ्यांचं काय चुकलं, तू बादली का नाही भरून ठेवलीस?

घरातल्या घरातच हबवर, म्हणजे सेन्सर आणि दिवे जोडणाऱ्या एका छोट्या डबीवर चालणारा सेन्सर मिळतो, त्याला बाहेरचं नेट लागतच नाही, तो बघतेय. तोपर्यंत कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकवाल्याकडून प्लगमधे खुपसायचा छोटा नाइट लॅम्प आणलाय, तो रात्रभर जळतो आणि कोणाचं ऐकत नाही.

दादाला अजून सांगितलं नाहीये. ती टेप आणि चिठ्ठी काढून टाकते म्हटलं तर आई म्हणाली, राहू दे, डिसेंबरमधे तो येईल तेव्हा बघेल, बरं वाटेल त्याला.