सप्टेंबरचा मेळावा आणि घरचं सांगणं

सप्टेंबर लागला की आमच्या शिवाजी पेठेतल्या महिला मंडळाला मेळाव्याचे वेध लागतात. महिन्याचा पहिला आठवडा राष्ट्रीय पोषण सप्ताहाचा, आणि 2018 पासून बहुतेक वर्षी अख्खा सप्टेंबरच पोषण माह म्हणून पाळला गेलाय. गणपती आधी येवोत की नंतर, मेळावा याच महिन्यात घ्यायचा हे आमचं ठरलेलं. तालमीच्या वरच्या हॉलमध्ये वर्षभर शनिवारी दुपारी आहाराचे आणि स्वयंपाकाचे वर्ग चालतात, त्यांचा हा वार्षिक दिवस. मंडळाचा जमाखर्च माझ्याकडं आहे, त्यामुळं हे मला घरचं कार्य असल्यासारखंच वाटतं.

शाहू महाराजांच्या फोटोला हार, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांना शाल-श्रीफळ हे अर्ध्या तासात उरकतं. मग आहारतज्ज्ञ बाई उभ्या राहतात. ताटलीत चहाचा एक चमचा सपाट भरून मीठ ओततात आणि म्हणतात, "हे 5 ग्रॅम. माणसाला दिवसभरात एवढंच पुरे." शेजारच्या ताटात लोणचं, पापड, खर्डा आणि मूठभर फरसाण मांडलेलं असतं. आपल्या कोल्हापुरात हे सगळं एकाच जेवणात होतं, हे प्रत्येकीला ठाऊक असतं. बायका एकमेकींकडं बघतात. पालेभाजी-डाळीवर लिंबू पिळा म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं, आणि जेवल्या जेवल्या चहा घेऊ नका, तासभर थांबा, हे त्या दरवर्षी सांगतात. दरवर्षी नव्यानं लिहून घेणाऱ्या बायकाही असतातच.

गुळाचा विषय मात्र नाजूक. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आम्हा सगळ्यांना आहे. निम्म्या घरांचे पाहुणे करवीर नाहीतर पन्हाळ्याकडं गुऱ्हाळवाले. अशा सभेत बाईंनी पहिल्यांदा स्पष्ट सांगितलं, की गूळ खाऊन रक्त भराभर वाढत नाही, गूळ शेवटी साखरच, बेतानंच खायचा. मागच्या रांगेतल्या एक काकू तेव्हा उठून गेल्या. पुढच्या वर्षी त्याच काकू गगनबावड्याकडची नाचणी घेऊन आल्या. 100 ग्रॅम नाचणीत 300 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं हे ऐकल्यापासून त्यांच्या घरी सकाळी ताकातली आंबील असते.

पण मी वर्षभर वाट बघते ती त्यानंतरच्या तासाची. त्याला आम्ही 'घरचं सांगणं' म्हणतो. वर्गाला येणाऱ्यांपैकी कुणीही पुढं यायचं आणि आपल्या चुलीशी काय बदललं ते सांगायचं. कागद हातात घ्यायचा नाही.

एका वर्षी एक आक्का उठल्या. सत्तरी ओलांडलेल्या, सुनेनं हाताला धरून माईकपाशी आणलेल्या. म्हणाल्या, "आमच्यात आधी बापय, मग पोरं, मग आम्ही. उरलं तर भाजी, नाहीतर चटणी-भाकरी. मी बी तशीच जेवली, सूनबी तशीच जेवत हुती. तिचं रक्त नवावर आलं तवा या वर्गातल्या बाईनं इचारलं, ही जेवती कवा? मला उत्तरच देता येईना." थोडं थांबल्या. "आता भाजीचं पातेलं मधी ठेवतो आन् समदी एकदमच बसतो. आमच्या मालकांनी आधी तोंड वाकडं केलं. आता तेच हाक मारत्यात, या गं बसा."

सून शेजारी उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. तिचं हिमोग्लोबिन पुढं अकराच्या वर गेलं. आरोग्य खात्याच्या आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांचा त्यात मोठा वाटा आहे, तो नाकारायचा नाही. पण वेळेवर पोटभर जेवण मिळालं हेही खरं. हॉलमध्ये टाळ्या लगेच पडल्या नाहीत. पुष्कळ जणी मान खाली घालून बसल्या होत्या, कारण ती गोष्ट त्यांच्याही घरची होती. मी इतकी भाषणं ऐकली, त्या आक्कांसारखं कुणी बोललेलं मला आठवत नाही.

तालमीतल्या पोरांचा वर्ग नंतर सुरू झाला. शिक्षणाला पुण्याला जाणाऱ्या मुलांना दोन वेळचं करता यावं, एवढाच विचार होता. फुटबॉल खेळणारा एक दांडगा पोरगा मेळाव्यात सगळ्यांसमोर शाळूची भाकरी करायला बसला. पीठ गरम पाण्यात मळून तळव्यानं रगडलं, परातीत थापताना कडेला भेग गेली ती ओल्या बोटानं सांधली, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला. उलटून आचेवर धरली तशी ती टम्म फुगली आणि समोर बसलेली त्याची आई मोठ्यानं म्हणाली, "बाई गं, पापुद्रा आला की!" त्या वर्षी पोरांच्या वर्गात नावं घालायला हॉलबाहेर रांग लागली.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात पंचगंगेनं 43 फुटांची धोका पातळी कधीच मागं टाकली होती. स्थलांतरित कुटुंबांसाठी वर्गातल्या बायकांनी मोठ्या पातेल्यांत मूगडाळीची, भाज्या घातलेली खिचडी केली, आणि लहान पोरांसाठी तिखट न घालता वेगळी काढली. हे वेगळं काढायचं कुणी सांगावं लागलं नाही, याचं मला फार समाधान आहे. त्या सप्टेंबरात हार-शाल काही नव्हतं, नुसतं सांगणं झालं. 2020 मध्ये तेही नाही.

एक सल मात्र बोलून दाखवते. फुटबॉलची फायनल असली की शाहू स्टेडियम पुरुषांनी भरतं, आणि आमच्या मेळाव्याला मागच्या चार खुर्च्या भरायला मारामार. जे येतात ते जेवणाच्या वेळेला येतात. घरात काय शिजावं हे त्यांच्या आवडीवर ठरतं, तर ऐकायलाही त्यांनीच यायला हवं. एका वर्षीचे प्रमुख पाहुणे तर सांगणं सुरू व्हायच्या आत गाडीत बसले. ते मी विसरलेली नाही.

आता मदतीची माणसं. नाव छापलेलं त्यातल्या बऱ्याच जणांना आवडत नाही, म्हणून कामावरून सांगते. अंगणवाडीच्या ताई आणि त्यांच्या मदतनीस, ज्या मुलांची वजनं करून तक्ता लावतात. आशाताई. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर. गृहविज्ञान शिकणाऱ्या मुली, आंबील त्यांची. पीठ दळून देऊन पैसे न घेणारे गिरणीवाले काका. कपिलतीर्थ मार्केटातल्या भाजीवाल्या मावशी, ज्या शेवग्याचा पाला सांगून ठेवतात. लक्ष्मीपुरीतले कडधान्यवाले. शेगड्या आणि पातेली देणारे आचारी मामा. मांडव-स्पीकरवाले दोघे भाऊ. हॉलचं कुलूप उघडणारे वस्ताद. भांडी घासणाऱ्या दोघी वहिनी, आणि त्यांच्या हाताखाली राबणाऱ्या आमच्याच मुली. पाण्याचे जार वर चढवणारी पोरं. फोटो काढणारे गुरुजी, जे आता नाहीत. रांगोळी घालणाऱ्या ताईंचं राहात होतं, त्याही. आणखी कुणी सुटलं असेल तर मला घरी येऊन सांगा, माईकवरून नाव घेईन.

यंदाचं निमंत्रण गल्लोगल्ली पोचवायला सुरुवात झाली आहे. आक्का "आता काय बोलू मी?" म्हणून नको म्हणतात. त्यांना तयार करायचं काम सुनेनं अंगावर घेतलंय.