बसून खायचे दिवस

रविवार, रात्री. परळ.

आज दुपारी लालबागला आमच्या ग्रामस्थ मंडळाची, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या आम्हा गावकऱ्यांच्या मंडळाची, सभा झाली. गावातील ज्येष्ठांसाठी शाळेच्या पटांगणात ओपन जिम बसवावी, असा प्रस्ताव विषयपत्रिकेवर शेवटी होता आणि मी फिजिओथेरपिस्ट असल्यामुळे त्यावर माझे मत विचारण्यात आले. तोवर अर्ध्या लोकांचे लक्ष घड्याळाकडे लागले होते, त्यामुळे मी थोडक्यात बोलले. जे पूर्ण बोलता आले नाही ते आज लिहून काढते, कारण पुढच्या सभेत मला ते नीट मांडायचे आहे.

प्रस्तावामागची कळकळ खरी आहे. परंतु आमच्या संगमेश्वर तालुक्यातच एका गावी अशी यंत्रे मी पाहिली आहेत. शाळकरी मुले त्यांवर झोके घेतात आणि दोन पावसाळ्यांत सांध्यांना गंज चढतो. सत्तरीचा माणूस मात्र तिकडे फिरकत नाही. ज्याने उभे आयुष्य नांगर धरला, भाताचे भारे डोक्यावरून वाहिले, त्याला साऱ्या वाडीच्या डोळ्यांदेखत लोखंडी पट्टीवर उभे राहून पाय हलवणे लाजिरवाणे वाटते. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती पहाटे शेकडो वृद्ध फेऱ्या मारतात आणि त्यांना कोणी काही विचारत नाही. गावात मात्र नुसतेच चालायला निघालेल्या माणसाला प्रत्येक अंगणातून हाक येते, "कुठे निघालात?" त्या प्रश्नाला द्यायला उत्तर नसेल तर माणूस दुसऱ्या दिवशी घराबाहेर पडत नाही.

माझे चुलते आप्पा बहात्तर वर्षांचे आहेत. आमची वाडी डोंगराच्या अंगाला आणि शेती खाली पऱ्याकाठी, म्हणजे ओढ्याकाठी, असल्यामुळे घर आणि शेत यांच्यामध्ये जांभ्या दगडाची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, आहे. आप्पा ती दिवसातून तीन-चार वेळा चढत-उतरत असत, कधी खांद्यावर नांगर, कधी डोक्यावर भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी शेतजमीन भाजण्यासाठी, तोडलेल्या कवळांचा (फांद्यांचा) भारा. मग वाडीपर्यंत डांबरी रस्ता आला आणि रिक्षा दाराशी येऊ लागली. वानरांच्या आणि डुकरांच्या त्रासाने खालची शेते पड राहिली, बैल विकले गेले. यांतली एकेक गोष्ट सोयीची किंवा नाइलाजाची होती आणि तिच्याबद्दल कोणाला दोष देता येणार नाही. पण या सगळ्यांनी मिळून आप्पांच्या दिवसातून पाखाडी काढून घेतली. आता ते पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात. गेल्या खेपेस मी त्यांना उठताना पाहिले: आधी पुढे सरकले, दोन्ही तळवे खुर्चीच्या हातांवर रोवले, एकदा झोका घेतला आणि पुन्हा बसले, दुसऱ्या झोक्याला उठले, आणि उभे राहिल्यावर चार क्षण भिंत धरून थांबले. हे हृदयाचे किंवा फुप्फुसाचे दुखणे नव्हते, त्यांच्या तपासण्या झालेल्या आहेत. मांड्यांतील ताकद गेली होती.

आमच्या व्यवसायात याची एक साधी चाचणी आहे. हात छातीवर घडी घालून, आधार न घेता, 30 सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उठता येते ते मोजायचे. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या मापदंडानुसार 65 ते 74 वयाच्या पुरुषाची संख्या 12 च्या खाली असेल तर त्याला पडण्याचा धोका अधिक समजतात. आप्पांना ही चाचणी देण्याचा मी आग्रह धरला नाही, कारण हात न टेकता ते एकदाही उठू शकत नव्हते हे दिसतच होते.

बसून राहण्याची किंमत किती झपाट्याने मोजावी लागते, याची कल्पना घरच्यांना नसते. 2007 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी वृद्ध स्वयंसेवकांना 10 दिवस अंथरुणावर ठेवले, तेव्हा तेवढ्या अवधीत त्यांच्या पायांतील मांसल भाग सरासरी सुमारे एक किलोने घटला. उलट बाजूही तितकीच ठाम आहे. 1990 साली बॉस्टनमधील एका वृद्धाश्रमातील 86 ते 96 वयाच्या दहा जणांकडून आठ आठवडे वजनांचा व्यायाम करून घेतला गेला आणि त्यांच्या मांडीच्या स्नायूंची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. नव्वदीतल्या माणसाचे स्नायू परत येत असतील, तर बहात्तराव्या वर्षी "आता काय राहिले" असे म्हणण्याला आधार नाही.

पण आप्पांना खुर्चीत बसवले ते आपण, त्यांच्यावर माया करणाऱ्यांनी. "बाबा, तुम्ही नका करू", "आयुष्यभर राबलात, आता बसून खायचे दिवस", ही वाक्ये मुंबईहून गणपतीला आणि शिमग्याला गेलेला प्रत्येक मुलगा बोलतो. त्यात आदर असतो, आणि मुलाला चार पैसे मिळू लागल्याचा अभिमानही असतो. म्हाताऱ्यालाही ते ऐकताना बरे वाटते, कारण बसून राहणे हीच त्याच्या कष्टांची पोचपावती ठरते. काकूंना मात्र असे कोणी सांगितले नाही. त्या आजही अंगण झाडतात, चुलीपाशी उकिडव्या बसतात, परड्यात माठ-दोडका लावतात, बचत गटाच्या बैठकीला वरच्या वाडीत चालत जातात. बाईवर पडलेल्या या ओझ्याचे कौतुक मला करायचे नाही, तो अन्याय वेगळा आहे. परंतु काकू जमिनीवरून हात न टेकता उठतात आणि आप्पा खुर्चीवरूनही तसे उठू शकत नाहीत, हे त्या घरात डोळ्यांना दिसते. पुरुषाकडे एकच काम होते, ते संपले तेव्हा त्याच्या शरीराला हलण्याचे कारणच उरले नाही.

2011 च्या जनगणनेनुसार देशातील साठीपुढच्या सुमारे 10.4 कोटी लोकांपैकी 71 टक्के खेड्यांत राहत होते. म्हणजे हा आमच्या वाडीपुरता प्रश्न नाही.

सभेत मी लंडनचा दाखला दिला, तो मात्र सर्वांनी कान देऊन ऐकला, कारण आमच्या मंडळातले निम्मे ज्येष्ठ बेस्टमधून निवृत्त झालेले आहेत. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनमधील दुमजली बसवरचे चालक आणि वाहक यांची तुलना करून 1953 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. निवृत्त वाहक असलेले एक काका ताबडतोब म्हणाले, "म्हणजे आमच्या तिकिटाच्या पेटीने आम्हाला तारलं!" मला नेमके हेच म्हणायचे होते. त्या वाहकांनी व्यायाम म्हणून काही केले नव्हते, त्यांची हालचाल कामातच होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 65 वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यात किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत आणि तोल व ताकद या दोन्हींचा सराव तीन दिवस करावा. हे आकडे आप्पांपुढे ठेवून उपयोग नाही. मात्र पाखाडी रोज एकदा सावकाश उतरून चढली, तर श्रम, मांड्यांची ताकद आणि तोल या तिन्हींचे पुष्कळसे काम तिथेच होते. म्हणून ओपन जिमचा पैसा पाखाडीवर खर्च करावा, असे माझे म्हणणे आहे. सुटलेले चिरे बसवावेत, एका बाजूला लोखंडी कठडा द्यावा, मधल्या वळणावर टेकायला बैठक बांधावी आणि पावसाळ्यात शेवाळ खरवडायची जबाबदारी कोणावर तरी सोपवावी. संध्याकाळी उतरायचे तर दिवेही हवेत, कारण आमच्याकडे फुरशाची, म्हणजे त्या विषारी सापाची, भीती खोटी नाही.

आणि खाली उतरायला कारण हवे. कार्तिकात पऱ्यावर वनराई बंधारा, म्हणजे भरलेल्या गोण्यांचा तात्पुरता बांध, घालतात, ते काम हल्ली ग्रामसेवकाने बोलावलेली शाळेची पोरे उरकतात. पाणी कुठे अडते, कुठल्या बाजूने फुटते, हे म्हाताऱ्यांइतके कोणाला ठाऊक नाही. गोण्या भरणे, त्यांची तोंडे शिवणे, रांगेत उभे राहून त्या पुढे सरकवणे हे त्यांना झेपते. उचलून पाण्यात रचणे तरुणांनी करावे. नंतर बंधाऱ्याची रोजची देखरेख ज्येष्ठांच्या नावावर असावी, आणि त्यांची नावे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावीत. शिमग्यापूर्वी पालखी नाचवण्याची लय आणि ढोलाचे ठेके मुंबईकर मुलांना शिकवण्याचे कामही त्यांचेच, कारण पालखी खांद्यावर घेऊन गुडघ्यांत लवणे हे बोलून शिकवता येत नाही, करून दाखवावे लागते.

सभेत एकांनी विचारले, "गुडघे झिजलेले असताना पायऱ्या?" प्रश्न रास्त आहे. गुडघ्याच्या संधिवातात योग्य व्यायाम हा उपचारांचा पाया आहे, मात्र ज्याचा गुडघा सुजलेला आहे किंवा पायरीवर दगा देतो, त्याने आधी सपाटीवर चालावे आणि खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा सराव करावा. सुरुवातीला सर्वांचा रक्तदाब प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यावा. चालताना छातीत दडपण आले, चक्कर आली किंवा बोलता येणार नाही इतका दम लागला, तर तिथेच थांबून डॉक्टरांना दाखवावे. हे नियम मी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून देणार आहे.

प्रस्ताव पुढच्या सभेपर्यंत राखून ठेवला आहे. तोवर चिरे आणि कठड्याचा अंदाज गावातल्या गवंड्याकडून मागवायचा आहे आणि गावकीच्या मानकऱ्यांना पत्र लिहायचे आहे. त्या पत्रात 'व्यायाम' हा शब्द मी घालणार नाही. बंधाऱ्याला अनुभवी माणसे हवी आहेत, एवढेच लिहीन, आणि पहिले नाव आप्पांचे सुचवीन.