खुर्च्या कोण लावतं?

इकडे इंग्लंडमध्ये मुलांचं कौतुक करायचे मार्ग पुष्कळ आहेत. शाळा करते, स्काउट करतात, टाउन कौन्सिल करतं, आणि वरच्या टोकाला राजाची सन्मान यादीही असते. २०२४ च्या नववर्षाच्या यादीत टोनी हजेल हे नाव होतं. वय ९. इतक्या लहान वयात त्या यादीत आजवर कुणी आलं नव्हतं. तान्हा असताना झालेल्या छळामुळे या मुलाचे दोन्ही पाय कापावे लागले. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कृत्रिम पायांवर, कुबड्या घेऊन तो महिनाभरात १० किलोमीटर चालला. ज्या हॉस्पिटलने त्याला वाचवलं त्याच्यासाठी दहा लाख पाउंडांहून जास्त निधी जमला. पुढे त्याला दत्तक घेतलेल्या घरच्यांच्या पाठपुराव्यामुळे मुलांचा छळ करणाऱ्यांची शिक्षा वाढवणारा कायदाही २०२२ मध्ये झाला.

अशा बातम्या तिकडे तुमच्यापर्यंत पोहोचतातच. डेव्हनमधला मॅक्स वूझी तीन वर्षं घराबाहेर तंबूत झोपला आणि हॉस्पिससाठी (बरं न होणाऱ्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेसाठी) साडेसात लाख पाउंडांहून अधिक उभे केले, हेही वाचलं असेल. मला लिहायचंय ते मात्र ज्यांची बातमी होत नाही त्यांच्याबद्दल.

आमच्या छोट्या शहराचं कौन्सिल तरुण स्वयंसेवकांचा गौरव करतं आणि आलेले अर्ज वाचायला गावातलीच काही माणसं बसवतं. त्यात यंदा माझा नंबर लागला. अर्ज मुलाने स्वतः करायचा नसतो. शेजारी, शिक्षक, क्लबमधलं कुणी, ज्याला वाटेल त्याने नाव सुचवायचं. राष्ट्रीय सन्मानांचंही तसंच आहे. तिथे किमान दोन समर्थनपत्रं जोडायची, ज्याच्यासाठी खटपट चालली आहे त्याला कळू द्यायचं नाही, आणि मग वर्षभर किंवा त्याहूनही जास्त वाट बघायची.

अर्धेअधिक अर्ज वाचून मी कंटाळले. मेहनती, नम्र, हसतमुख, इतरांपुढे आदर्श. सत्कार समारंभातल्या सूत्रसंचालकाने हार घालायच्या आधी म्हणावं तसं सगळं. मुलं खरोखर चांगली असणार, पण त्यांनी केलं काय, ते कळायला मार्ग नाही.

मग एक अर्ज आला. चर्चच्या हॉलमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी जेवण असतं. सोळा वर्षांचा एक मुलगा शाळा सुटल्यावर तिथे जाऊन खुर्च्या लावतो. व्हीलचेअर वळेल एवढी जागा दारापाशी सोडतो. एका आजींना उजव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून त्यांची खुर्ची अशी ठेवतो की बोलणारी माणसं डाव्या हाताला येतील. एक आजोबा कुणाशीच बोलत नाहीत. त्यांच्याशेजारी स्वतः बसून तो फुटबॉलचा विषय काढतो. यातलं काही त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. अर्ज लिहिणारी बाई त्याच हॉलच्या स्वयंपाकघरात भांडी विसळते आणि खिडकीतून हे सगळं बघते. एक विशेषण नाही, आणि मुलगा अख्खा समोर उभा.

आपल्याकडेही पंतप्रधान राष्ट्रीय बाल पुरस्कारासाठी ५ ते १८ वर्षांच्या मुलांची नावं कुणीही ऑनलाइन सुचवू शकतं. कधी भरायला बसलात तर कुठे, कोणत्या वारी, कोणासाठी, एवढं लिहा. बाकीचं वाचणाऱ्याला समजतं.

इथल्या किशोरवयीन मुलांच्या तोंडी सतत असतो तो ड्यूक ऑफ एडिनबरा पुरस्कार. राणी एलिझाबेथ यांचे पती, ड्यूक ऑफ एडिनबरा राजपुत्र फिलिप यांनी १९५६ मध्ये तो सुरू केला. योजनेचे पहिले संचालक होते जॉन हंट, १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नेते. त्यामुळे पाठीवर सामान घेऊन डोंगरात मुक्काम करणं आलंच. पण त्याबरोबर काही महिने समाजसेवाही करावी लागते आणि ती पाहणाऱ्या मोठ्या माणसाने त्याचा अहवाल लिहावा लागतो. स्पर्धा कुणाशीच नाही. पूर्ण केलं की मिळतो. कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेत, म्हणजे एनएसएसमध्ये, दोन वर्षांत २४० तास भरलेल्यांना आणि शिबिरात घमेली उचललेल्यांना हे ओळखीचं वाटेल. दुखणंही ओळखीचंच आहे. तिकडे ग्रेस मार्कांसाठी, इकडे युनिव्हर्सिटीच्या अर्जात एक ओळ वाढावी म्हणून. (आपले मराठी पालक यात मागे नाहीत.) शिवाय फी, बूट, रकसॅक हा खर्च सगळ्यांना झेपतोच असं नाही.

आणि जी मुलं मुळात मोकळीच नसतात त्यांचं काय? २०२१ च्या जनगणनेत एकट्या इंग्लंडमध्ये ५ ते १७ वयाची सुमारे १ लाख २० हजार मुलं घरातल्या आजारी किंवा अपंग माणसाची काळजी घेत असल्याचं नोंदलं गेलं. यांना इथे ‘यंग केअरर’ म्हणतात. 

आमच्याकडे अशा एका चौदा वर्षांच्या मुलीचा अर्ज होता, शाळेच्या रिसेप्शनवरच्या बाईंनी भरलेला. ती रोज उशिरा का येते हे त्यांनीच एकदा विचारलं होतं. आईची औषधं, धाकट्या भावाचा डबा, मग बस. समितीतल्या एका निवृत्त गृहस्थांचं म्हणणं पडलं की हे कौतुकास्पद आहे, पण ही स्वयंसेवा नव्हे, घरचं काम आहे. नियम बघता ते बरोबर होते. मी म्हटलं, हेच तिने शेजारच्या घरी जाऊन केलं असतं तर आपण टाळ्या वाजवल्या असत्या ना? वाद बराच रंगला, चहा दोनदा झाला.

शेवटी तिला पुरस्कार दिला. ती स्टेजवर यायला तयार नव्हती; संध्याकाळी आईला एकटं सोडता येत नाही म्हणाली. पुढच्या वर्षीच्या अर्जात आता एक रकाना वाढणार आहे: ‘ही व्यक्ती घरी कोणाची काळजी घेते का?’ त्याचा मसुदा त्या निवृत्त गृहस्थांनीच केला, आणि समारंभ संध्याकाळऐवजी शनिवारी दुपारी ठेवा, घरी थांबायला कुणी हवं असेल तर कौन्सिलने सोय करावी, हेही त्यांनीच खाली लिहिलं.