मुखपृष्ठ नसलेल्या पाकपुस्तकाचा पत्ता: एआय, कॅटलॉग आणि मी

आमचं वाचनालय तालुक्याच्या गावातलं, ब वर्गाचं. सगळी पुस्तकं कोहा या मोफत संगणक प्रणालीत चढवायची असं कार्यकारिणीत ठरलं आणि निवृत्त सभासदांपैकी संगणकाला न घाबरणारी म्हणून मला बोलावणं आलं. मानधन म्हणजे दुपारचा चहा. धड अवस्थेतली पुस्तकं ग्रंथपाल ताई आणि कॉलेजची मुलं भराभर चढवत होती. माझ्या वाट्याला आलं मागच्या खोलीतलं कपाट. मुखपृष्ठं गेलेली, पहिली पानं वाळवीनं खाल्लेली, आणि दाखल नोंदवहीत ज्यांच्यापुढे फक्त 'जुने पुस्तक, देणगी' लिहिलंय अशी पुस्तकं.

भाची म्हणाली, "आत्या, पानांचे फोटो काढ आणि एआयला विचार. तो सांगेल." तो सांगतो, यात वाद नाही. विचारलं की सांगतोच. त्यातलं घ्यायचं काय आणि सोडायचं काय, एवढंच शिकायला वेळ लागला.

न ओळखू येणारी पुस्तकं विचारण्याआधी मी ओळखीची विचारून पाहिली. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' कधीचं? १८५७, बरोबर. 'कळ्यांचे निःश्वास' कुणाचं? विभावरी शिरूरकर, १९३३. हे टोपणनाव, लग्नाआधीचं नाव बाळूताई खरे, नंतरचं मालतीबाई बेडेकर. हेही बरोबर, आणि कॅटलॉगच्या कामात हे फारच उपयोगी, कारण एकच बाई वेगवेगळ्या ग्रंथालयांत वेगवेगळ्या नावांखाली बसलेली असू शकते. मग विचारलं, 'यमुनापर्यटन'च्या पहिल्या आवृत्तीची पूर्ण नोंद दे. त्यानं दिली. प्रकाशक, पानं, आकार, आणि वर चक्क आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक! १८५७ सालच्या पुस्तकाला! ही क्रमांकांची पद्धत जागतिक मानक झाली १९७० साली.

त्या क्रमांकाची गंमत म्हणून बेरीज करून पाहिली. तेरा आकडी आयएसबीएनमध्ये आकड्यांना आळीपाळीनं एक आणि तीननं गुणायचं आणि बेरीज करायची. तिला दहानं नि:शेष भाग गेला पाहिजे. इथं जात नव्हता. म्हणजे तो दुसऱ्या कुठल्या पुस्तकाचाही नव्हता, नुसता आयएसबीएनसारखा दिसणारा होता. तेव्हापासून एआयनं दिलेला कुठलाही क्रमांक, मग तो आयएसबीएन असो की परदेशी ग्रंथालयाचा नोंदक्रमांक, उघडून बघितल्याशिवाय मी पुढे नेत नाही. एकदा असा नोंदक्रमांक खरोखर उघडला, पण तिथं भलत्याच भाषेतलं शेतीवरचं पुस्तक बसलं होतं.

इंटरनेटवर शोधणारा एआय सहायक वापरला की हे कमी होतं, संपत नाही. ग्रंथालयांच्या कॅटलॉगची पानं शोधपेटीत काहीतरी टाकल्यावरच तयार होतात. त्यामुळे बऱ्याच कॅटलॉगांच्या आत या सहायकाला शिरताच येत नाही. तो दारावरची पाटी वाचून येतो आणि घरातल्या माणसांची नावं सांगतो. आत जायचं काम आपलंच.

आता पाकपुस्तकाकडे येते.

जाडजूड पुस्तक. सुरुवातीची पानं नाहीत, शेवटची नाहीत, त्यामुळे छापखान्याचं नावही नाही. एरवी हे नाव फार कामाला येतं. १८६७च्या कायद्यापासून छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-ठिकाण पुस्तकावर घालणं सक्तीचं होतं, आणि बरेचदा ते शेवटच्या पानाच्या तळाशी सापडतं. चित्रशाळा किंवा आर्यभूषण वाचलं की निदान पुणे तरी पक्कं होतं. इथं तेही नाही. नुसत्या पाककृती.

मधल्या पानांचे फोटो टाकून विचारलं. उत्तर लगेच आलं: कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा'. आत्मविश्वास असा की क्षणभर कुणालाही पटावं. पण पानावर 'नाहीं', 'पाणी घालूं नये', 'दोन्ही बाजूंनीं' असं शीर्षबिंदूंचं पीक होतं. मापं शेर, तोळे, मासे. 'रुचिरा' १९७० सालचं. हे बिंदू काढून टाकणारे शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२चे, आणि मेट्रिक मापं १९५८पासून टप्प्याटप्प्यानं आली. १९७० साली ज्या नवख्या मुलींसाठी पाकपुस्तक लिहिलं गेलं, त्यांना 'अर्धा शेर' कोण सांगेल? हे लिहून पाठवल्यावर सहायकानं लगेच माघार घेतली आणि तितक्याच आत्मविश्वासानं दुसरं नाव सांगितलं. मी तो धागा तिथंच सोडला.

आणखी एक गोष्ट इथंच लक्षात आली, आणि ती मला आयएसबीएनपेक्षा गंभीर वाटते. फोटोतला मजकूर उतरवून देताना तो 'नाहीं'चं 'नाही' करत होता. न सांगता. जिथं वाळवीनं अर्धा शब्द खाल्लाय तिथं तो शब्द पुरा करत होता, तोही न सांगता. पुस्तकाचा काळ ठरवायला माझ्या हातात जो एकमेव पुरावा होता, तोच त्यानं सुधारून टाकला होता. शिवाय ध-घ आणि भ-म यांची छपाईच्या जुन्या खिळ्यांमध्ये होणारी गल्लत. तालिकीकरणाचा, म्हणजे कॅटलॉगमध्ये नोंद करण्याचा, साधा नियम आहे: शीर्षक जसं छापलंय तसं उतरवायचं. म्हणून आता माझ्या प्रत्येक विचारणेत एक वाक्य ठरलेलं असतं: जसंच्या तसं उतरव, शीर्षबिंदू ठेव, न दिसणाऱ्या अक्षराच्या जागी चौकोन घाल. सांगितलं की ऐकतो, बहुतेक वेळा. मी मूळ पान शेजारी ठेवूनच वाचते.

मग प्रश्न बदलला. 'हे कुठलं पुस्तक?' विचारण्याऐवजी 'या पानांवरून काय काय कळतं?' असं विचारलं. इथं मात्र त्यानं चांगलं काम केलं. भुजणं, घडा, संभार असे शब्द वेगळे काढून दाखवले आणि म्हणाला, ही मुंबईतल्या पाठारे प्रभू समाजाच्या स्वयंपाकाची खूण दिसते. मासे-मटणाच्या पाककृती भरपूर आणि शेजारीच साहेबी पद्धतीचे पदार्थ, हेही मुंबईकडे बोट दाखवणारं. माझं माहेर-सासर दोन्ही देशावरचं, मला भुजणं खाऊनही माहीत नव्हतं. ग्रंथपाल ताईंना विचारलं, त्यांची मावशी गिरगावातली. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे, परभांचंच."

यापुढचं काम कागदावरचं. शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' आमच्याकडे आहे. १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची विषयवार यादी, १९४३ साली छापलेली. एका माणसानं गावोगावची ग्रंथालयं धुंडाळून केलेलं हे काम आहे, आणि आठ दशकांनंतरही त्याला पर्याय नाही. कुठल्याही एआयनं मला जे दिलं नाही ते या सूचीनं दिलं: त्या काळात मराठीत पाकशास्त्रावर मुळात काय काय छापलं गेलं होतं. १८७५ सालच्या 'सूपशास्त्रा'पासून खाली येत गेले. पातळ चोपडी आणि निव्वळ शाकाहारी पुस्तकं बाजूला केली. उरलेल्यांत एक नाव ठळक होतं: लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणी-मित्र', हजार पाकक्रियांचं, पहिली आवृत्ती १९१०. आडनाव धुरंधर, म्हणजे पाठारे प्रभू. जाडीही जुळत होती.

नाव मिळालं, आता दुसरी प्रत कुठं आहे ते शोधायचं. कॅटलॉग शोधायला एआयचा खरा उपयोग मला इथं झाला. 'गृहिणी-मित्र' देवनागरीत शोधा: एकदा जोडून, एकदा जागा सोडून, एकदा मधे रेघ घालून. प्रत्येक वेळी कॅटलॉग वेगळं उत्तर देतो. रोमन लिपीत तर विचारूच नका. आपण मराठी माणसं 'ग्रु' लिहितो. सहायक आपल्या हिंदी वळणानं 'ग्रि' लिहून मोकळा झाला. आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या लिप्यंतर पद्धतीत 'ऋ'साठी खाली छोटं वर्तुळ असलेला 'आर' येतो. त्याच पद्धतीत शब्दाच्या शेवटचा अकार लिहितात, त्यामुळे धुरंधर हे 'धुरंधरा' असे दिसतात आणि कोल्हटकर 'कोल्हटकरा'. आपल्यापैकी कोण असं टाइप करणार?

मी सहायकाला सांगितलं, या शीर्षकाची आणि लेखिकेची जेवढी रूपं कॅटलॉगात असू शकतील तेवढी लिहून दे: देवनागरी, विद्यापीठी रोमन, बोलीभाषेतलं रोमन, इंग्रजी वळणाचं. पाहता पाहता यादी आली. त्यातली काही रूपं हास्यास्पद होती, पण शोधपेटीत हास्यास्पद रूप टाकलं तर बिघडतं काय? फार तर काही सापडत नाही. चुकीच्या उत्तराची किंमत शून्य असते अशा कामाला हा गडी उत्तम. मग हीच यादी त्यानं वर्ल्डकॅट आणि ओपन लायब्ररी या ऑनलाइन कॅटलॉगांसाठी आणि कोहातल्या झेड ३९.५० शोधासाठी (यातून दुसऱ्या ग्रंथालयांतल्या नोंदी शोधता येतात) वेगवेगळ्या साच्यात बसवून दिली. कुठं 'किंवा' घालायचं, कुठं तारका, हे मला नव्यानं शिकावं लागलं नाही.

देवनागरीतल्या खाचाखोचाही अशाच कळत गेल्या. 'दुसऱ्या'तला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो, दिसतो सारखाच, यंत्राला मात्र वेगळा. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या नोंदींत 'अ'वर चंद्र ठेवून भागवलेलं असतं. आणि 'निःश्वास'मधल्या विसर्गाऐवजी लोक सर्रास अपूर्णविराम टाकतात. डोळ्यांना फरक कळत नाही, शोध मात्र रिकामा येतो. ही माहिती मी एआयकडून घेतली आणि आमच्याच नोंदींवर तपासली. आमच्याकडेही तिन्ही प्रकार निघाले. ताईंनी कपाळाला हात लावला आणि मुलांना कामाला लावलं.

एक गोष्ट शोधताना ध्यानात ठेवावी लागते. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीतलं कार्यालय १९६२ साली सुरू झालं. पीएल-४८० या अमेरिकन कायद्याखाली आलेला गहू आमच्या पिढीच्या आधीच्यांनी रेशनवर खाल्लाय. त्या गव्हाच्या मोबदल्यात साठलेल्या रुपयांतून अमेरिकन ग्रंथालयांसाठी भारतीय पुस्तकं घेतली गेली. म्हणून साठीनंतरची मराठी पुस्तकं तिकडच्या कॅटलॉगांत चांगली सापडतात. त्याआधीची सापडतील तर सापडतील. 'तिकडे नोंद नाही, म्हणजे असं पुस्तक नसावं' असं सहायक एकदा म्हणाला. त्याला हा इतिहास ऐकवला. त्यानं माझे आभार मानले, आणि दुसऱ्या दिवशी नव्या गप्पांत तेच पुन्हा म्हणाला.

पक्की खात्री अखेर माणसानंच करून दिली. मुंबईतल्या एका जुन्या ग्रंथसंग्रहालयात याची प्रत असल्याचं कळलं. भाचीची मैत्रीण तिथली सभासद. तिला आमच्या दोन पानांचे फोटो पाठवले, तिनं तिथल्या परवानगीनं तीच प्रकरणं उघडून पाहिली. मजकूर शब्दशः तोच, पानांचे आकडे मात्र थोडे पुढेमागे. म्हणजे पुस्तक तेच, आवृत्ती वेगळी.

कुठली आवृत्ती? सहायकाला विचारलं तर तो साल सांगेलच, म्हणून विचारलं नाही. नोंद करताना मार्कच्या, म्हणजे ग्रंथनोंदीच्या संगणकी साच्याच्या, २४५ रकान्यात शीर्षक चौकोनी कंसात घातलं, कारण ते आमच्या प्रतीवर छापलेलं नाही, बाहेरून मिळवलेलं आहे. सालापुढे प्रश्नचिन्ह. वर्गांक ६४१.५. भाषेच्या संकेतात सहायकानं 'एमआर' सुचवलं होतं, मार्कला तीन अक्षरी 'एमएआर' लागतं, ते दुरुस्त केलं. ५०० क्रमांकाच्या टिपेत लिहिलं: मुखपृष्ठ व अखेरची पाने नाहीत, शीर्षक दाते सूची व अन्य प्रतीशी ताडून.

त्या टिपेत 'एआयच्या मदतीने' हेही लिहावं का, यावर कार्यकारिणीत चर्चा झाली. अध्यक्ष अण्णांचं म्हणणं, लिहा, पारदर्शक असावं. ताई म्हणाल्या, मग शब्दकोश पाहिला तेही लिहायचं का? मी ताईंच्या बाजूनं. एआयनं सुचवलेली कुठलीही गोष्ट दुसऱ्या आधाराशिवाय नोंदीत गेलेलीच नाही, तर आधार म्हणून त्याचं नाव कशाला? विषयशीर्षकांबाबत मात्र मी अण्णांचं ऐकलं. ती त्यानं सुचवलेली आणि आम्ही नुसती नजरेखालून घातलेली असतात. म्हणून अशा नोंदींवर ग्रंथालयाच्या अंतर्गत रकान्यात खूण करतो, पुढे कुणाला तपासायची झाली तर सापडतील.

कपाटात अजून बरंच आहे. सध्या टेबलावर संगीत नाटकांच्या पदांची पुस्तिका आहे, तीही बिनमुखपृष्ठाची. पदं वाचून नाटक ओळखायला आमच्याकडे अण्णा आहेत. ते गाऊनच दाखवतात.