एकतीस नंबर, हजर

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असा निरोप आला आणि आधी आठवल्या त्या बाई. कोणत्या बाई, हे आपल्या शाळेच्या माणसाला सांगायला नको. गणिताच्या.

घरी तेलुगू, शाळेत मराठी, वडील चादरीच्या मागावर, आई विड्या वळणारी. सोलापूरच्या पूर्व भागातल्या निम्म्या वर्गाचं हेच. आईला हजार विड्या भरायला रात्र व्हायची. मी कात्रीनं पानं कापून द्यायचो. सकाळी माल द्यायला तिच्यासोबत मीही जायचो, कारण छाट, म्हणजे नापास विड्या, किती काढली नि पासबुकात किती मांडली, हे तिला वाचता येत नव्हतं. रांग लांबली की पहिला तास बुडालाच. नववीत कंटाळून शाळाच सोडली. पंधरा दिवस घरी.

सोळाव्या दिवशी बाई आल्या. उपदेश वगैरे काही नाही. आईशेजारी मांडी घातली, एक पान उचललं, तंबाखू भरली आणि वळायला लागल्या. पान फाटलं. दुसरंही फाटलं. तिसरी विडी झाली, पण पोटात फुगलेली, दोरा सुटलेला. आई हसत म्हणाली, "टीचरम्मा, ही छाटात जाणार." बाईंनी पासबुक मागून घेतलं. शेकडेवारी मला त्या पासबुकावर कळली, पुस्तकात नाही.

दुसऱ्या दिवसापासून हजेरीत तीसनंतर थेट बत्तीस. तास संपताना खडूचे हात झटकत बाई विचारायच्या, "एकतीस?" तोवर मी धापा टाकत दारात. पोरं कुरकुरायची, आम्हाला मात्र लेट मार्क! खरंच होतं ते. बाकीच्यांना पट्टीही बसायची. बाई पक्षपाती होत्या, पण तो पक्षपात माझ्या वाट्याला आला म्हणून मी दहावी झालो.

आता एका संस्थेत काम करतो, कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत. 2006 साली 10,000 विडी कामगार बायकांना तिथं घरं मिळाली; त्यांची नातवंडं आमच्या रात्रीच्या वर्गाला येतात. कुणी पॉवरलूमवर, कुणी गारमेंटमध्ये. शाळा सुटलेली पोरं दिवसभर शाळेचे गणवेश शिवतात! त्यांचा 17 नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षा द्यायचा, फॉर्म भरून दहावीला बसवायचं. निम्मा वेळ जुना दाखला शोधण्यातच जातो. गेल्या वर्षी तिघं गणितात राहिली, ते अजून डोक्यातून जात नाही. पाळी संपवून सव्वानऊला येणारा एक जण आहे, त्याचा नंबर मी शेवटी घेतो.

हल्ली हजेरी मोबाइलवर भरतात म्हणे. त्यात मधला नंबर गाळता येतो का, कुणास ठाऊक.

समितीला एकच विनंती. जुनी मस्टरं ऑफिसच्या कपाटात असतील, तर नववी 'ब'चं मला एकदा बघू द्यावं. वर्षाअखेर हजेरी कमी पडली असं मला कुणीच म्हणालं नव्हतं. त्या पंधरा दिवसांपुढे बाईंनी काय लिहिलंय, तेवढं पाहायचंय.