रबरात रुतलेली चमक

भोरच्या लॉजच्या व्हरांड्यात नऊ सायकली भिंतीला टेकवलेल्या होत्या. पहाटे साडेपाचला मी कपाळाला बॅटरी बांधून एकेकीच्या चाकात हवा मारत होतो. डिसेंबरची थंडी, बोटं पंपाला चिकटत होती. हे माझं नेहमीचं काम. कुणी दोन दिवसांची, कुणी चार दिवसांची सायकल सहल काढतं आणि मी छोट्या हत्तीत पाने, ट्यूबा, चेनी, केळी, राजगिऱ्याचे लाडू आणि पाण्याचे जार भरून त्यांच्या मागे फिरतो. टेम्पो आबा चालवतात, मी शेजारी बसून पुढच्या सायकलींचे आवाज ऐकतो.

आदल्या दिवशी पुण्याहून बोपदेव घाटाने सासवड, तिथून नारायणपूर, कापूरहोळ आणि भोर असा टप्पा झाला होता. पुरंदरच्या पायथ्याचा तो रस्ता घाटापेक्षा जास्त छळतो. घाटात माणूस एक गिअर धरून मुकाट चढत राहतो. इथे टेकाड चढलं की लगेच उतार, उतारावर अंजिराची बाग बघेपर्यंत पुढचं टेकाड. पायांना लयच सापडत नाही. सासवडला सोपानदेवांच्या समाधीचं दर्शन आणि कऱ्हेकाठी संगमेश्वराच्या पायऱ्यांवर बसून पोहे, एवढीच काय ती विश्रांती. तरी दिवसभरात दोन पंक्चर आणि एक सैल पेडल, यापलीकडे मला काम नव्हतं.

पहाटे सातवी सायकल हातात घेतली ती सरांची. सर म्हणजे साठी ओलांडलेले, पुण्यातल्या एका कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ. सायकल काळी कुळकुळीत, चाकं कार्बनची, गिअर बॅटरीवर चालणारे. माझा छोटा हत्ती विकला असता तरी ती आली नसती. मी पुढच्या चाकात हवा भरली, ब्रेक दाबून पाहिला आणि बॅटरीचा उजेड ब्रेकच्या रबरावर पडला. रबरात काहीतरी चमकलं. रांगोळीत अभ्रक मिसळलेलं असावं, तसं.

तो ॲल्युमिनियमचा चुरा होता. साध्या ॲल्युमिनियमच्या रिमवर रबर घासलं की रिमचे बारीक कण त्यात रुतून बसतात. पण या सायकलीची रिम कार्बनची, तिच्यातून ॲल्युमिनियम निघणार कुठून? म्हणजे रबरं जुन्या चाकावरची होती. नवीन चाकं बसवताना ती कुणी बदललीच नव्हती. कार्बनच्या रिमला रबर वेगळं लागतं. भलतं रबर लावलं तर ब्रेक लागतो, पण रिम फार तापते.

मी सरांना हाक मारली. म्हटलं, "सर, ही रबरं जुन्या चाकाची दिसतात."

ते हातमोजे चढवत होते. "छे हो. परवाच सर्व्हिसिंग करून आणलीये. जिथून चाकं घेतली त्यांनीच सगळं बसवून दिलंय."

मी "बरं" म्हणालो आणि आठवी सायकल ओढली.

त्या "बरं"वर नंतर मी खूप विचार केला. वडिलांचं पेठेत तासावर सायकल भाड्याने द्यायचं दुकान होतं. चार पोरं रांगेत उभी असली तरी वडील प्रत्येक सायकलचा ब्रेक दाबून ती पुढे रेटून बघायचे. चाक फिरलं तर त्या पोराला सायकल नाही, मग ते तिथे भोकाड पसरो. आणि मी, त्यांचा मुलगा, सायकल महागडी आणि माणूस मोठा म्हणून गप्प बसलो.

भोरहून मांढरदेवमार्गे वाई हे अंतर पन्नासच्या आतलं, पण मध्ये घाट. हा रस्ता मंगळवार, शुक्रवार किंवा रविवारी धरायचाच नाही, काळूबाईच्या दर्शनाच्या गाड्यांनी भरलेला असतो. पौषातल्या यात्रेच्या दिवसांत तर सायकल घालायचा विचारही करू नये. आम्ही मुद्दाम बुधवार धरला होता. राजवाड्यावरून निघालो तेव्हा धुकं इतकं होतं की पुढच्या सायकलींचे फक्त लाल दिवे दिसत होते. एका ठिकाणी उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन समोरून आला, तेवढी एक धास्ती.

चढावर सर छान चढले. साठीनंतर त्या चढाला बसून, एका लयीत चढणं सोपं नाही. दोन तरुण मुली सोडल्या तर सगळ्यांच्या पुढे होते. वर आलो तेव्हा धुकं उतरलं होतं. टपरीवर चहा आणि गरम भजी झाली. आबांनी नेहमीचं सांगून घेतलं, कारण प्रत्येक सहलीला इथे सांगितल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही: इथे पाऊस पडला की अलीकडचं पाणी नीरेला आणि पलीकडचं कृष्णेला. नीरा भीमेला मिळते, भीमा पुढे जाऊन कृष्णेलाच. मग भांडण कशाला, असं म्हणून ते हसतात. त्यांच्याबरोबर दुसरं कुणी हसलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

उतारापूर्वी मी सगळ्यांना उभं करून सांगितलं. ब्रेक धरून ठेवायचा नाही. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात दाबायचे, वेग मोडायचा आणि सोडून द्यायचे, म्हणजे रिमला वारा लागतो. घाबरून सतत दाबत राहिलं की रिम तापत जाते. मांढरदेवचं देऊळ 4,650 फुटांवर, वाई तिथून दोन हजार फूट खाली. सायकलसकट नव्वद किलोचा माणूस एवढा उतरला की ती सगळी ताकद कुठेतरी जिरावी लागते. निम्मी वाऱ्याने खाल्ली तरी उरलेल्या उष्णतेवर तांब्याभर पाण्याला आधण येईल. ते आधण दोन पातळ रिमांवर ठेवायचं असतं.

सांगताना मी सरांकडे बघत होतो. रबराचं मात्र पुन्हा बोललो नाही.

आम्ही सर्वांत मागे निघालो. समोर कृष्णेचं खोरं, उजवीकडे दूर पाचगणीच्या पठाराची सपाट रेघ. तिसऱ्या की चौथ्या वळणावर आबांनी नाक वर केलं. "क्लच जळाला का रे?" मी काच खाली केली. क्लचचा वास नव्हता तो. जळक्या रबराचा आणि त्यात काहीतरी गोडूस, नवीन रंगाच्या डब्यासारखा. पुढे दोनशे मीटरवर सर होते. चढावर राजासारखा बसणारा माणूस उतारावर आखडून बसला होता, कोपरं ताठ, बोटं ब्रेकवर. बोटं सुटतच नव्हती.

"हॉर्न द्या," मी म्हणालो. आबांनी हॉर्नवर हात ठेवला तेवढ्यात फटाका फुटल्यासारखा आवाज झाला.

पुढचा टायर होता. सायकल डावीकडे, दरडीच्या बाजूला झुकली, चाकाचा खरवडल्याचा आवाज आला आणि सर गटारात एक पाय रोवून उभे राहिले. पडले नाहीत. नशीब की वळण संपलं होतं, वेग कमी होता आणि दरीची बाजू उजवीकडे होती. मी टेम्पो थांबायच्या आत उडी मारली. सरांच्या ओठांवरचा रंग गेला होता. "काही नाही, पंक्चर आहे," ते म्हणाले. मी त्यांना दगडावर बसवलं, पाणी दिलं आणि चाक न काढताच बघितलं. रिमला हात लावायची हिंमत नव्हती, दुरूनच आच लागत होती. आबा रिमवर ओतायला पाण्याची बाटली घेऊन धावले, मी त्यांना अडवलं.

दहा मिनिटांनी चाक सोडवून मी अंगठ्याचं नख रिमच्या कडेवरून फिरवलं. एका जागी कड बाहेर फुगली होती, पोळपाटावर पुरी तिरपी लाटली जावी तशी. जेमतेम दोन बोटं रुंद फुगवटा. कार्बनचे पदर ज्या राळेने चिकटवलेले असतात ती मऊ पडली आणि आतल्या हवेने कड बाहेर ढकलली. मग टायरला धरायला काही उरलं नाही, ट्यूब बाहेर आली आणि फाटली. ॲल्युमिनियम असतं तर उष्णता सगळ्या रिममधून पसरून वाऱ्याला गेली असती. कार्बन ती एका जागी धरून ठेवतं. सरांनी ब्रेक धरून ठेवला हे खरंच. पण त्या रबरांनी आगीत तेल ओतलं, हेही तितकंच खरं.

आता प्रश्न होता पुढे काय. माझ्याकडे पुढचं एक जादा चाक असतं, छत्तीस तारांचं, ॲल्युमिनियमच्या रिमचं. वडिलांनी बांधलेलं शेवटचं चाक. तारा ओढून झाल्या की ते एकेक तार नखाने छेडून कान लावायचे. ते चाक बसवलं. रिम अरुंद, म्हणून ब्रेकची केबल ओढून घेतली. गंमत म्हणजे ती जुनी रबरं या चाकाला बरोबर बसली. ती होतीच ॲल्युमिनियमची.

सर उठले. "चला, झालं तर मग."

"सर, मागचं चाक कार्बनचंच आहे. मागचीही रबरं तीच. इथून खाली सायकल टेम्पोत जाईल."

"मागचा ब्रेक मी वापरणारच नाही."

"टेम्पोत," मी म्हणालो आणि सायकल उचलून वर चढवली. त्यांच्या परवानगीची वाट बघितली असती तर पुन्हा "बरं" म्हणालो असतो.

केबिनमध्ये आम्ही तिघं दाटीवाटीने बसलो. मधे सर. दोन-तीन वळणं कुणी बोललं नाही. मग ते समोर बघतच म्हणाले, "सकाळी तुम्हाला कळलं होतं ना?"

"हो."

"मग?"

"बोललो होतो. पण तुम्ही नाही म्हटल्यावर जोर नाही केला." थोडं थांबून मी पुढे म्हणालो, "सायकल फार महाग आहे सर."

आबांनी गिअर बदलला. सर हसले असं मला वाटलं, पण बघितलं तर हसले नव्हते. "माझ्याकडेही कारखान्यात असे लोक होते," ते म्हणाले. "ज्यांना आधी दिसायचं. ते गप्प का बसायचे ते मला कधी कळलं नाही." त्यावर मी काय बोलणार?

घाट उतरल्यावर सपाटीला त्यांनी सायकल मागितली, मी दिली. वाईपर्यंत मी खिडकीतून वडिलांचं चाक फिरताना बघत होतो. वाईत ढोल्या गणपतीला सगळे थांबले. 1762 साली गणपतराव रास्त्यांनी बांधलेलं हे देऊळ घाटावर अगदी पाण्यालगत. मागची भिंत माशाच्या आकाराची, टोकदार, म्हणजे कृष्णेचा पूर आला की पाणी दोन्ही अंगांनी कापलं जातं. सर त्या भिंतीला हात लावून बराच वेळ उभे होते, कारखान्यातल्या माणसासारखे, सांधे तपासत. पुढे तीनेक किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, चंद्रकोरीसारखा घाट आणि मेणेश्वरापाशी टांगलेली ती घंटा. चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली तिथून आलेली. तिच्यावर 1707 साल कोरलेलं आहे आणि मेरी-येशूची आकृती. मुलींनी फोटो काढले. मी घाटाच्या पायरीवर बसून पाव आणि केळं खाल्लं. तेव्हा कुठे लक्षात आलं, माझे हात अजून कापत होते.

संध्याकाळी वाईच्या लॉजवर परत तोच उद्योग. वर्तमानपत्र अंथरून मी सरांची सायकल उलटी केली, पुढची रबरं काढली आणि दाभणाच्या टोकाने एकेक कण उकरायला लागलो. सर खुर्ची ओढून शेजारी बसले आणि न सांगता मोबाइलचा उजेड धरला. सात-आठ कण निघाले. एक तर तांदळाच्या कणीएवढा. सरांनी वर्तमानपत्राचा तेवढा कोपरा फाडून त्याची पुडी बांधली आणि खिशात टाकली.

"दुकानात दाखवणार?" मी विचारलं.

"दाखवतो की. कुणी सांगितलं विचारलं तर तुमचं नाव सांगू का?"

"सांगा," मी म्हणालो आणि मागची रबरं सोडवायला घेतली.