उसिकने आता कोणाशी लढावे? तुम्ही विचारलेत म्हणून

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या बॉक्सिंगच्या वर्गात संध्याकाळी मुले हातांना पट्ट्या गुंडाळत असताना एक प्रश्न हमखास निघतो आणि रविवारी मिसळीच्या टेबलावर मित्रही तोच विचारतात : युक्रेनचा हेवीवेट, म्हणजे सर्वांत वजनी गटातला बॉक्सर ओलेक्सांदर उसिक याने ब्रिटनच्या डॅनियल डुबोआला हरवले, आता त्याच्यासमोर कोण उभे राहणार आणि कोणी राहायला हवे? उभ्याउभ्या दिलेल्या उत्तराने माझे स्वतःचेच समाधान होत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी त्या विजयाविषयी. 19 जुलै 2025 रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर ही लढत झाली तेव्हा आपल्याकडे रविवारची पहाट व्हायची होती आणि वर्गातली चार मोठी मुले माझ्या घरी सतरंजीवर बसून ती पाहत होती. डुबोआचे वजन 110 किलोच्या वर, उसिकचे सुमारे 103. डुबोआ 27 वर्षांचा, उसिक 38 वर्षांचा. पाचव्या फेरीत उसिकने त्याला दोनदा पाडले, आणि दुसऱ्यांदा डाव्या हाताचा हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, बसल्यावर डुबोआला दहा आकडे मोजून होईपर्यंत उठता आले नाही. मुले त्या हुकवर खूश होती. मी त्यांना आधीच्या चार फेऱ्या पुन्हा पाहायला लावल्या, कारण तो ठोसा तिथेच तयार झाला होता : उसिक प्रत्येक वेळी अर्धे पाऊल बाजूला सरकत होता, डुबोआला पवित्रा पुन्हा जुळवावा लागत होता, आणि त्या जुळवाजुळवीच्या क्षणीच त्याला मार बसत होता. या विजयाने जगज्जेतेपदाचे चारही प्रमुख पट्टे पुन्हा उसिककडे आले आणि 24 लढतींत 24 विजय हा त्याचा हिशेब कायम राहिला.

एवढे झाल्यावर शिल्लक कोण, हा वाद सुरू होतो. ब्रिटनचा माजी जगज्जेता टायसन फ्युरी याच्याशी तिसरी लढत व्हावी असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि पैशाचा विचार केला तर त्यांचे चुकत नाही. पण 2024 च्या मे आणि डिसेंबरमध्ये रियाधला उसिकने त्याला दोनदा हरवले, दुसऱ्यांदा तर तिन्ही पंचांनी 116-112 असे एकसारखे गुण दिले. जे प्रश्न त्या 24 फेऱ्यांत सुटले, ते पुन्हा मांडण्यात मला अर्थ दिसत नाही. ब्रिटनच्याच तरुण मोझेस इटाउमाचे नाव वर्गातल्या मुलांच्या तोंडी सतत असते, कारण तो त्यांच्याहून फार मोठा नाही. ऑगस्ट 2025 मध्ये त्याने डिलियन व्हाइटला पहिल्याच फेरीत गुंडाळले तेव्हा तो वीस वर्षांचाही पुरता नव्हता, असे मुले सांगतात, पण प्रत्यक्षात त्याला वीस पूर्ण होऊन आठ महिने होत आले होते. मात्र 2025 संपेपर्यंत त्याची एकही लढत सहा फेऱ्यांच्या पुढे गेली नव्हती. अशा मुलाला बारा फेऱ्यांसाठी उसिकपुढे उभे करू नये, हे मी शिक्षक म्हणून ठामपणे सांगतो. ब्रिटनच्या फेबियो वॉर्डलीने ऑक्टोबर 2025 मध्ये न्यूझीलंडच्या जोसेफ पार्करला अकराव्या फेरीत थांबवले, आणि पुढच्याच महिन्यात उसिकने सोडलेला, त्या चारांपैकी डब्ल्यूबीओ या संघटनेचा पट्टा त्याच्याकडे गेला. त्याच्या जिद्दीविषयी मला आदर आहे, पण हौशी बॉक्सिंगचा पाया नसलेल्या माणसाला उसिकचे पाय समजायला वेळ लागेल.

माझे उत्तर आहे अगित कबायेल. हा जर्मनीचा कुर्दी वंशाचा खेळाडू. अर्सलानबेक मखमुदोव, फ्रँक सांचेझ आणि झँग झिलेई या तिघा धिप्पाड माणसांना त्याने सलग थांबवले, आणि तिघेही मुख्यतः बरगड्यांवरच्या व पोटावरच्या ठोशांनी खचले. फेब्रुवारी 2025 मध्ये झँगने पाचव्या फेरीत त्याला पाडले होते. तो उठला आणि सहाव्या फेरीत त्याने झँगला संपवले. झँग डावखुरा आहे, आणि उसिकही डावखुराच आहे.

हे इतके महत्त्वाचे का, ते अंगावर झेललेल्यालाच नीट कळते. माझ्या उमेदीच्या काळात सातपूरच्या एका हॉलमध्ये सराव करताना मला यकृतावर, म्हणजे उजव्या बरगडीच्या खालच्या टोकाशी, एक हुक बसला होता. पहिल्या क्षणी काहीच वाटले नाही. मी परत जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारायला हातही उचलला. मग श्वास आत गेला तो बाहेर येईना, डोके लख्ख शुद्धीवर, समोरच्याचे बूट स्पष्ट दिसत आहेत, आणि आपले गुडघे आपल्याला न विचारता खाली जात आहेत. डोक्यावरचा मार इच्छाशक्तीवर काही काळ सोसता येतो, हा मार सोसता येत नाही. डावखुरा खेळाडू उजवे अंग पुढे ठेवून उभा राहतो, त्यामुळे त्याचे यकृत उजव्या हाताच्या खेळाडूच्या डाव्या हुकच्या जवळ येते, आणि त्याचे सगळे रक्षण उजव्या कोपरावर येऊन पडते.

उसिकला अंगावरचा मार सोसतो का, ही शंका जुनी आहे. ऑगस्ट 2023 मध्ये व्रोत्सवाफला डुबोआशीच झालेल्या पहिल्या लढतीत, पाचव्या फेरीत, त्याला कमरपट्ट्याच्या रेषेवर ठोसा बसला आणि तो कोसळला. रेफ्रीने तो ठोसा कमरेखालचा म्हणून नियमबाह्य ठरवून त्याला सावरायला वेळ दिला, आणि नवव्या फेरीत उसिकने लढत जिंकली. माझ्या मते रेफ्रीचा निर्णय बरोबर होता, आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या मते चूक होता, आणि वेम्बलीच्या विजयानेही तो वाद मिटला नाही, कारण तिथे डुबोआला उसिकच्या अंगापर्यंत नीट पोहोचताच आले नाही. कबायेल पोहोचू शकतो. तो बदकन एक ठोसा मारून थांबत नाही, जवळ राहून तीनचार मारतो, आणि त्यासाठी डोक्यावर दोन सोसायची त्याची तयारी असते.

कबायेल जिंकेल असे मी म्हणत नाही. उसिकचे पाय चालू राहिले तर तो गुणांवर स्पष्ट जिंकेल असाच माझा कयास आहे. पण गोदावरीला पूर आला की आपण नाशिककर दुतोंड्या मारुतीपाशी पाणी कुठवर चढले ते आधी विचारतो. तसे ही लढत झालीच, तर सातव्या फेरीपासून मी आणि माझी मुले उसिकच्या उजव्या कोपराकडे पाहत बसू, तो बरगडीला चिकटलेला आहे की वर सुटू लागला आहे.